घोड्याच्या फेटलॉकमागची सेसमॉइड हाडं: रचना, इजा, लंगडणं आणि उपचार

घोडा लंगडायला लागला की पहिला हात खुराकडे जातो, आणि ते बरोबरच आहे. लंगडण्याची निम्म्याहून जास्त कारणं खुरातच सापडतात असं जुने नालबंद सांगतात, ते उगाच नाही. पण खुरात काही सापडलं नाही की लोक थेट गुडघ्याकडे किंवा खांद्याकडे वळतात. मधला फेटलॉक, म्हणजे खुराच्या वरचा मोठा सांधा, त्यातही त्याची मागची बाजू, नीट चाचपायची राहून जाते. तिथे प्रत्येक पायात दोन लहान हाडं असतात, त्यांना सेसमॉइड म्हणतात. धावणाऱ्या घोड्याचा सगळा भार क्षणभर त्यांच्यावर तोललेला असतो.

हा लेख घोडा सांभाळणाऱ्यांसाठी आहे: मालक, मोतद्दार, स्वार, प्रशिक्षक. निदान आणि औषध पशुवैद्याचंच काम. पण डॉक्टर पोहोचण्याआधी काय पाहायचं, काय करायचं, काय मुळीच करायचं नाही आणि नंतर त्यांना कोणते प्रश्न विचारायचे, हे तुम्हाला माहीत असायला हवं. वाचताना एक गोष्ट मनात धरा. सेसमॉइडचं दुखणं एकट्या हाडाचं क्वचितच असतं. हाडाला धरून ठेवणाऱ्या अस्थिबंधाची काय अवस्था आहे, यावरच घोडा पुन्हा कामाला लागणार की नाही हे बहुतेक वेळा ठरतं.

दारात घोडा तीन पायांवर उभा असेल, तर आधी हे

पाय टेकवत नाही, फेटलॉक झपाट्याने सुजतोय, किंवा वजन टाकताच फेटलॉक जमिनीकडे खचतोय, अशी स्थिती असेल तर बाकीचा लेख नंतर वाचा.

घोडा जिथे आहे तिथेच थांबवा. तबेला पन्नास पावलांवर असला तरी चालवू नका. तुटलेल्या सेसमॉइडचे तुकडे प्रत्येक पावलाला एकमेकांपासून लांब ओढले जातात. फेटलॉक अति ताणला गेला की मागून जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिरडतात. रक्तपुरवठा एकदा तुटला की उत्तम शस्त्रक्रियाही कामाला येत नाही. डॉक्टरांना फोन करा आणि घोड्याला शांत ठेवा. वेदनाशामक त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका, कारण दुखणं दबलं की घोडा तोच पाय दाबून टेकवतो.

नंतर आधार बांधायचा. पुढच्या पायाच्या बाबतीत पाय असा धरायचा की नळीचं हाड (गुडघ्यापासून फेटलॉकपर्यंतचं), पेस्टर्न (फेटलॉक आणि खूर यांच्यामधला भाग) आणि खूर यांच्या पुढच्या कडा एका सरळ रेषेत येतील, म्हणजे घोडा जणू खुराच्या टोकावर उभा आहे. कापसाच्या पट्टीचा एक-दोन थरांचा बेताचा लपेटा द्या. फार जाड लपेटा दाबला जाऊन सैल पडतो आणि फळी हलायला लागते. त्यावर पुढच्या बाजूने लाकडी फळी किंवा उभा अर्धा कापलेला पीव्हीसी पाइप ठेवा, खुराच्या टोकापासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत. न ताणणाऱ्या चिकटपट्टीने तो वरपासून खालपर्यंत घट्ट बांधा आणि टाचेखाली लाकडी पाचर द्या. मागच्या पायाला फळी मागच्या बाजूने लावतात, खुरापासून वर हॉकच्या, म्हणजे मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या, खालपर्यंत. तयार मिळणारे धातूचे आधारही असतात. शर्यतीच्या मैदानावर ते हाताशी असायलाच हवेत.

वाहनात चढवायचं असेल तर उतरंड जितकी कमी तितकी बरी. पुढचा पाय दुखावलेला असेल तर घोड्याचं तोंड वाहनाच्या मागच्या दिशेला ठेवा, म्हणजे ब्रेक लागल्यावर भार मागच्या पायांवर जाईल. मागचा पाय दुखावला असेल तर तोंड पुढे. डोकं फार आखडून बांधू नका. तोल सांभाळायला घोड्याला मान लागते.

रचना, पण कामापुरती

घोड्याच्या शरीरात सेसमॉइड प्रकारची हाडं मुख्यतः तीन ठिकाणी आहेत. मागच्या पायाच्या वरच्या, स्टायफल सांध्यातली वाटी हे त्यातलं सर्वांत मोठं. फेटलॉकच्या मागे प्रत्येक पायात आतलं आणि बाहेरचं अशी जोडी, म्हणजे चार पायांत आठ. आणि खुराच्या आत प्रत्येकी एक नेव्हिक्युलर. अस्थिबंध किंवा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) सांध्यावरून वळताना तिची दिशा आणि ताण सांभाळणं हे या सगळ्यांचं समान काम. या लेखाचा भर फेटलॉकच्या जोडीवर आहे. नेव्हिक्युलरचा विषय वेगळा आणि मोठा आहे, त्याची तोंडओळख शेवटाकडे करून घेऊ.

फेटलॉक म्हणजे नळीचं हाड पेस्टर्नच्या पहिल्या हाडाला मिळतं तो सांधा. सेसमॉइडची जोडी त्याच्या मागे चिकटून बसते. प्रत्येक हाड तीन बाजूंच्या पिरॅमिडसारख्या आकाराचं: वर शेंडा, मधे मुख्य भाग, खाली पाया. पुढच्या बाजूवर गुळगुळीत कूर्चा असते आणि ती थेट नळीच्या हाडाच्या टोकाला भिडते. म्हणून सेसमॉइडची भेग पुढपर्यंत गेली की ती सांध्याची इजा ठरते. मागच्या बाजूला दोन्ही हाडांना जोडणारा जाड अस्थिबंध आहे. त्याने तयार झालेल्या खोलगट पन्हाळीतून वरची आणि खोल अशा दोन्ही वाकवणाऱ्या कंडरा त्यांच्या आवरणासकट सरकतात.

बाहेरच्या बाजूला सस्पेन्सरी अस्थिबंधाची फांदी पकडून असते. हा अस्थिबंध गुडघ्याच्या किंवा हॉकच्या खालून निघतो, नळीच्या हाडामागून खाली येतो आणि खालच्या तिसऱ्या भागात दोन फांद्यांत विभागतो. प्रत्येक फांदी आपापल्या सेसमॉइडला शेंड्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत धरते. तिथूनच एक पातळ पट्टा पुढे वळून पाय सरळ करणाऱ्या कंडरेला मिळतो. सेसमॉइडच्या पायापासून खाली अस्थिबंधांचा दुसरा संच सुरू होतो. त्यातला सरळ अस्थिबंध पेस्टर्नच्या दुसऱ्या हाडापर्यंत जातो, तिरपी जोडी पहिल्या हाडाच्या मागे बसते, आणि त्यांच्या खाली एकमेकांना छेदणारे व आखूड असे आणखी छोटे अस्थिबंध आहेत.

वरचा अस्थिबंध, मधलं हाड, खालचे अस्थिबंध ही एकच साखळी आहे आणि सेसमॉइड तिची मधली कडी. पाय जमिनीवर असताना फेटलॉक खाली खचू न देणं हे या साखळीचं काम, आणि ते बव्हंशी स्नायूंच्या मदतीशिवाय, नुसत्या ताणावर चालतं. भरधाव घोड्याच्या एका पुढच्या पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. त्या वेळी फेटलॉक इतका खाली जातो की काही घोड्यांच्या फेटलॉकची मागची कातडी वाळूवर घासून सोलवटते.

याच भागात नाडीही सापडते. बोटांकडे जाणाऱ्या धमन्या दोन्ही सेसमॉइडच्या बाहेरच्या कडेवरून खाली उतरतात. तिथे बोटाची पेरं हलकेच टेकवली की ठोके कळतात. निरोगी घोड्यात ते मंद असतात, कधी पटकन सापडतही नाहीत. जोरदार उडणारी नाडी बहुतेकदा खाली खुरात काहीतरी पेटलंय असं सांगते. ही नाडी रोज पाहायची सवय लावलेल्या माणसाला खुराचं दुखणं इतरांच्या आधी कळतं.

पायरी १: हाताने तपासा

घोडा सपाट जागी चौरस उभा करा. दोन्ही पायांचे फेटलॉक मागून आणि बाजूने डोळ्यांनी ताडून पाहा. मग तळहात टेकवून उष्णता पाहा. पट्टी नुकतीच काढली असेल तर अर्धा तास थांबा, नाहीतर पट्टीचीच ऊब हाताला लागते.

नुसतं "सूज आहे" म्हणून भागत नाही, ती कुठे आहे हे पाहायचं. नळीचं हाड आणि सस्पेन्सरीची फांदी यांच्यामधल्या खोबणीत फुगा असेल तर सांध्यात पाणी झालंय. फांदीच्या मागे, कंडरा आणि फांदी यांच्यामधे फुगा असेल तर कंडरेच्या आवरणात पाणी आहे. दोन्ही फुगे बोटभर अंतरावर असतात, पण अर्थ वेगळा. जुन्या घोड्यांत आवरणातला मऊ, थंड, न दुखणारा फुगा वर्षानुवर्षं निरुपद्रवी राहतो. सांध्यातला नवा, ताठ फुगा कधीही दुर्लक्षू नये.

आता पाय उचला, फेटलॉक थोडा वाकवा म्हणजे अस्थिबंध सैल पडतील. अंगठा एका बाजूला, पहिली दोन बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून सस्पेन्सरीच्या फांद्या वरून खाली चिमटीत धरत या. निरोगी फांदीची कड स्पष्ट, दोरीसारखी लागते. सुजलेली फांदी जाड, कडा हरवलेली, कधी पिठूळ लागते. शेंड्याशी पोहोचल्यावर जरा थांबा आणि अंगठ्याने हाडावर दाब वाढवत न्या. तसंच हाडाच्या पायथ्याशी, आणि मग दोन्ही बाजूंच्या कडांवर. घोडा पाय हिसकावतो का, कान मागे टाकतो का, पोटाचे स्नायू आवळतो का? हे सगळं आधी चांगल्या पायावर करून घ्या. काही घोडे सस्पेन्सरी जोरात दाबली की निरोगी असूनही पाय ओढतात. शेवटी फेटलॉक सावकाश पूर्ण वाकवून पाहा. दुखऱ्या सांध्याचा वाक कमी झालेला असतो आणि टोकाला जाताना घोडा विरोध करतो.

जे सापडेल ते तारीख टाकून लिहून ठेवा, कोणत्या पायात, आतल्या की बाहेरच्या बाजूला, यासकट. पंधरा दिवसांनी डॉक्टर विचारतात तेव्हा आठवणीचा भरवसा नसतो.

पायरी २: चालताना पाहा

तीन पायांवर उभ्या घोड्याची ही तपासणी करायची नाही. लंगडणं सौम्य असेल तरच पुढे जा.

कडक, सपाट जमिनीवर आधी साध्या चालीने, मग दुडकीवर पळवा. दोर सैल हवा. मोतद्दाराने डोकं आखडून धरलं की पाहण्यासारखं काही उरत नाही, आणि ही चूक सर्रास होते. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीवर असताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना मान खाली घालतो. मागच्या पायासाठी मागून पाहा. दुखऱ्या बाजूच्या कमरेचं हाड दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त वर-खाली होतं.

त्यानंतर नजर फेटलॉकवर आणा. दुखऱ्या पायावर घोडा कमी वजन टाकतो, म्हणून त्याचा फेटलॉक दुसऱ्यापेक्षा कमी खाली जातो. नवख्यांना उलट वाटतं. दुखऱ्या पायाचाच फेटलॉक जास्त खचत असेल तर साखळीच सैल पडली आहे असं समजा. तिथेच थांबा आणि वर सांगितलेला आधार बांधा.

लंगडण्याची तीव्रता सांगायला अमेरिकन असोसिएशन ऑफ इक्वाइन प्रॅक्टिशनर्सची ० ते ५ ही श्रेणी सर्वत्र चालते. ० म्हणजे लंगडणं नाही. १ म्हणजे दिसणं कठीण आणि सातत्य नाही. २ म्हणजे सरळ रेषेत दिसणं कठीण, पण गोलात किंवा स्वार असताना हमखास दिसतं. ३ म्हणजे दुडकीवर प्रत्येक वेळी. ४ म्हणजे साध्या चालीतही उघड. ५ म्हणजे पायावर वजन जवळजवळ नाहीच. फोनवर "थोडा लंगडतोय" म्हणण्यापेक्षा "दुडकीवर दर वेळी दिसतं" असं सांगितलं तर डॉक्टरांना तयारीनिशी येता येतं.

वाकवून पळवण्याची चाचणी, म्हणजे फेटलॉक साधारण मिनिटभर वाकवून धरून लगेच दुडकीवर सोडणं, अनुभवी हाताने करावी. जोर जास्त लावला तर धडधाकट घोडाही चार पावलं लंगडतो. ताजी सूज असेल तर ही चाचणी टाळलेलीच बरी.

पायरी ३: डॉक्टरांच्या तपासण्या आणि त्यांचा क्रम

हाड तुटल्याची शंका असेल तर एक्स-रे आधी, बधिर करण्याची इंजेक्शनं नंतर. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. सौम्य लंगडण्याची जागा शोधायला खालून वर एकेक नस बधिर करत जाण्याची पद्धत उत्तम आहे, पण न सरकलेली भेग असलेला पाय बधिर केला आणि घोडा पळवला, तर तीच भेग पूर्ण तुटू शकते. आणखी एक खाच आहे. सेसमॉइडच्या पातळीवर दिलेलं इंजेक्शन मुख्यतः खूर आणि पेस्टर्न बधिर करतं, तरी औषध थोडं वर पसरलं की सेसमॉइडच्या पायथ्याचं दुखणंही शमतं. मग दोष खुराचा समजला जातो आणि महिनाभर नाल बदलण्यात जातो.

एक्स-रे एकच काढून भागत नाही. बाजूने, समोरून, दोन्ही तिरप्या कोनांतून, आणि सांधा वाकवून बाजूने अशी किमान चित्रं हवीत. समोरून काढताना यंत्र थोडं वरून खाली झुकवतात, म्हणजे सेसमॉइड सांध्याच्या रेषेवरून वर सरकून सुटी दिसतात. बाहेरच्या कडेच्या लहान भेगेसाठी कडेला स्पर्श करून जाणारा खास कोन लागतो. दुसऱ्या पायाचीही चित्रं मागून घ्या. त्यांच्याशी ताडल्याशिवाय बारीक फरक पकडता येत नाहीत.

एक्स-रेमधे हाडात बाहेरच्या कडेपासून आत जाणाऱ्या काळपट रेषा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा असतात. मोजक्या, अरुंद, समांतर कडांच्या असतील तर ते नेहमीचं चित्र. रुंद झालेल्या, वेड्यावाकड्या, संख्येने वाढलेल्या वाटा दिसल्या तर हाडाला सूज आहे किंवा होऊन गेली आहे.

सस्पेन्सरीच्या फांद्यांसाठी अल्ट्रासाउंड. हाड तुटलेलं दिसलं तरी तो करायचाच. सुरुवातीला म्हटलं तसं, भविष्य तिथेच लिहिलेलं असतं. साध्या चित्रांत काही दिसत नसताना दुखणं मात्र पक्कं असेल तर बोन स्कॅन, सीटी किंवा एमआरआय. शर्यतीच्या जगात अलीकडची मोठी भर म्हणजे उभ्या घोड्याचा पेट स्कॅन. कॅलिफोर्नियातल्या सँटा अनिटा मैदानावर २०१९ मधे घोड्यांच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी तिथे असं यंत्र बसलं. घोड्याला नुसती गुंगी देऊन, भूल न देता, फेटलॉक तपासता येतो, आणि भेग पडण्याआधी हाड कुठे झिजतंय तिथे रंग उजळ दिसतो.

भेगा: कोणती कशी बरी होते

सेसमॉइड सहजी सांधत नाही. वरून सस्पेन्सरी आणि खालून बाकीचे अस्थिबंध तुकडे विरुद्ध दिशांना ओढत राहतात, आणि बाहेरून नवं हाड घालणारं आवरणही इथे तुटपुंजं. नुसत्या विश्रांतीने भेग भरली तरी बऱ्याचदा हाडाऐवजी तंतुमय जोड तयार होतो, आणि तो वेगाच्या कामात पुन्हा सुटतो.

शेंड्याची भेग सर्वाधिक आढळते. शर्यतीच्या घोड्यांत, आणि गाडी ओढून दुडकीच्या शर्यती धावणाऱ्या स्टँडर्डब्रेडच्या मागच्या पायात विशेष. तुटलेला तुकडा हाडाच्या एक तृतीयांशाहून लहान असेल तर दुर्बिणीने सांध्यात शिरून तो काढून टाकतात, आणि फांदी शाबूत असेल तर बरेच घोडे पुन्हा धावतात. पुढच्या पायातलं आतल्या बाजूचं सेसमॉइड असेल तर आशा जरा कमी धरावी.

बाहेरच्या कडेचा तुकडा सांध्यापर्यंत पोहोचत असेल तर तोही काढतात. पायथ्याच्या भेगेत खालचे अस्थिबंध गुंतलेले असतात. लहान तुकडा काढता येतो. मोठा असेल तर खेळाचं भवितव्य फारसं उजळ नसतं. मध्यावर आडवी भेग पडली तर हाड जवळजवळ निम्मंनिम्मं होतं. काढण्याजोगं काही नसतं, म्हणून स्क्रूने आवळतात किंवा तारेने बांधतात. बसवणं अवघड, बरं व्हायला अनेक महिने, आणि नंतरची कामगिरी बेभरवशाची. मालकाला हे आधीच स्पष्ट सांगणारा डॉक्टर चांगला.

उभी भेग बहुधा नळीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या भेगेसोबत येते. मोठ्या भेगेच्या आनंदात, म्हणजे ती सापडली या समाधानात, ही बघायची राहते. दुसऱ्या कोनांतून शोधायला सांगा.

दोन्ही सेसमॉइड एकदम मध्यावर तुटली की साखळी संपली. फेटलॉक जमिनीला टेकतो. ६ जुलै १९७५ ला न्यू यॉर्कच्या बेलमाँट पार्क शर्यतीच्या मैदानावर रफियन या घोडीच्या उजव्या पुढच्या पायाचं हेच झालं. शस्त्रक्रिया झाली, पण भूल उतरताना ती पाय झाडत उठू लागली, सगळं पुन्हा मोडलं आणि तिला दयामरण द्यावं लागलं. तिथून पुढे भुलेतून सावरण्याच्या पद्धतींवर बरंच काम झालं. २० मे २००६ ला अमेरिकेतल्या प्रीकनेस शर्यतीत बार्बारो या घोड्याचा उजवा मागचा पाय मोडला. नळीचं हाड, सेसमॉइड आणि पेस्टर्न, तिन्ही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमधे डीन रिचर्डसन यांनी प्लेट आणि २७ स्क्रू घालून सांधा कायमचा जुळवला, आणि घोड्याला पाण्याच्या टाकीत तरंगत ठेवून शुद्धीवर आणलं. मोडलेला पाय बऱ्यापैकी भरत आला होता. जुलैमधे धडधाकट डाव्या मागच्या खुरात लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थरांचा दाह, झाला, आणि २९ जानेवारी २००७ ला त्याला निरोप द्यावा लागला. म्हणून पाय मोडलेल्या घोड्याच्या *दुसऱ्या* पायाची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यायची असते: खुराच्या तळव्याला आधार, मऊ खोल अंथरूण, रोज नाडी आणि उष्णता तपासणं.

सांधा जुळवलेला घोडा कामाचा राहत नाही, पण पैदाशीसाठी किंवा कुरणात आरामात जगू शकतो. कातडी फाटली असेल आणि खूर थंड पडला असेल तर मात्र दयामरणाचा निर्णय लांबवणं म्हणजे घोड्याचे हाल करणं.

भेग नाही, पण दुखतंय: सेसमॉइडायटिस

तरुण, नुकत्याच जोरात सरावाला लागलेल्या घोड्यांचं हे दुखणं. सस्पेन्सरी जिथे हाडाला धरते तिथे वारंवार ताण पडून हाड आणि अस्थिबंध दोन्ही चिडतात. लंगडणं कधी आहे, कधी नाही; कामाच्या सुरुवातीला जास्त, नंतर कमी; कडक जमिनीवर जास्त. दाबल्यावर दुखतं, एक्स-रेत रुंदावलेल्या वाटा दिसतात.

ताज्या अवस्थेत २० ते ३० मिनिटांचा थंड शेक दिवसातून तीन-चार वेळा, आधाराची पट्टी, डॉक्टरांनी दिलेलं सूज उतरवणारं औषध, आणि काम पूर्ण बंद. लंगडणं दहा दिवसांत थांबतं आणि तिथेच घात होतो. दिसायला बरा झालेला घोडा हाडाने बरा झालेला नसतो. सौम्य दुखण्याला काही आठवडे पुरतात, फांदीही फाटली असेल तर सहा महिने ते वर्ष धरून चाला, आणि वेळ संपली म्हणून नव्हे तर अल्ट्रासाउंड सुधारला म्हणून पुढची पायरी चढा.

हाडाची झीज रोखणारी बिसफॉस्फोनेट औषधं यासाठी कोणी सुचवली तर दोनदा विचारा. अमेरिकेत २०१४ मधे ती नेव्हिक्युलरच्या दुखण्यासाठी, चार वर्षांपुढच्या घोड्यांना मान्य झाली. वाढत्या, सरावातल्या हाडाला जुनं काढून नवं घालण्याची गरज असते आणि ही औषधं तेच थांबवतात.

शिंगरांचं वेगळं

महिना-दोन महिन्यांचं शिंगरू कोंडलेल्या जागेतून आईबरोबर एकदम मोठ्या कुरणात सोडलं, घोडी उधळली आणि शिंगरू दमेपर्यंत मागे पळालं, की सेसमॉइडला भेगा पडतात, कधी दोन-तीन पायांत एकदम. सूज थोडी आणि लंगडणं किरकोळ असू शकतं. बहुतेक शिंगरं लहान जागेत काही आठवडे बंद ठेवल्यावर शस्त्रक्रियेशिवाय बरी होतात. पाय प्लॅस्टरमधे घालण्याचा मोह टाळावा, कारण कोवळे अस्थिबंध त्यात ढिले पडतात. घोडीला आधी लहान आवारात एकटीला मोकळं करून तिची रग जिरवली, तर हा प्रसंग बऱ्याच अंशी टळतो.

नेव्हिक्युलर, थोडक्यात

खुरातलं हे होडीच्या आकाराचं हाड, आणि त्यामागून वळणारी खोल कंडरा. दुखणं बहुधा दोन्ही पुढच्या पायांत असतं, म्हणून डोकं हलत नाही. घोडा आखूड पावलं टाकतो, अडखळतो, टाचेऐवजी टोक आधी टेकवतो. गोलात फिरवल्यावर आतला पाय लंगडतो. टाचेच्या नसा बधिर केल्या की एका पायाचं थांबतं आणि दुसऱ्याचं उघड होतं. उपचाराचा पाया खुराची छाटणी: टोक आखूड, टाचांना आधार, पाऊल उचलणं सोपं. खुराच्या मधल्या तिसऱ्या भागात, बेडकीत (तळव्याच्या मऊ त्रिकोणी भागात), खिळा घुसला असेल तर तो उपटून फेकू नका. शक्य असेल तर तसाच ठेवून एक्स-रे काढा, म्हणजे तो हाडामागच्या पिशवीपर्यंत पोहोचला का ते कळतं. पोहोचला असेल तर ती तासाभरात हालचाल करण्याची बाब आहे.

कामावर परतणं आणि नाल

शेंड्याचा तुकडा काढल्यानंतर साधारण क्रम असा: काही आठवडे बंद ठाण, त्यातल्या उत्तरार्धात दोर धरून रोज थोडं चालवणं, मग लहान आवार, आणि चार-सहा महिन्यांच्या आसपास, तपासणी करून, स्वाराखालची दुडकी. ठाणबंद घोडा पहिल्यांदा बाहेर काढताना उड्या मारतो, आणि महिन्यांची मेहनत अर्ध्या मिनिटात वाया जाते. त्या दिवशी डॉक्टरांना विचारून हलकी गुंगी द्यायला संकोच करू नका. दाणा पहिल्याच दिवशी कमी करा.

नालबंदाला सांगायचं ते इतकंच: टोक लांब आणि टाच बसकी राहता कामा नये, कारण त्याने फेटलॉकवरचा ताण वाढतो, पुढच्या नालांना पकडीसाठी टोकाशी उंच कड नको, शर्यतीच्या घोड्यांत ती सस्पेन्सरी साखळीच्या इजांशी जोडली गेली आहे, आणि छाटणी लांबवायची नाही. टाच पाचरीने फार उचलणं हाही उपाय नव्हे. त्याने खोल कंडरा सैलावते, पण फेटलॉक जास्त खाली जातो आणि सस्पेन्सरीवर भार वाढतो.

सरावात वेगाचं अंतर हळूहळू वाढवा आणि अधूनमधून हलके आठवडे ठेवा. हाड कामाच्या मापाने स्वतःला घडवतं, पण त्याला वेळ लागतो. दमलेल्या घोड्याकडून शेवटचा एक फेरा काढून घेऊ नका. थकलेले स्नायू कंडरांना साथ देत नाहीत आणि फेटलॉक नेहमीपेक्षा खाली जातो.

विकत घेताना

एक वर्षाच्या शिंगराचे एक्स-रे पाहताना सेसमॉइडमधे रुंद वाटा दिसल्या म्हणून लगेच नकार देऊ नका. आधी फांद्यांचा अल्ट्रासाउंड मागा. फांद्या स्वच्छ असतील, दाबल्यावर दुखत नसेल आणि वाकवल्यावर फरक पडत नसेल, तर ते सराव हळू सुरू करण्याचं कारण आहे. फांदीही जाड किंवा फाटलेली निघाली तर शिंगरू कितीही देखणं असलं तरी धावण्यासाठी घेऊ नका. मोठ्या घोड्यात शेंड्याला जुना, गोलावलेल्या कडांचा तुकडा दिसला तर शस्त्रक्रियेचे कागद, आधीची चित्रं आणि त्यानंतर घोड्याने केलेल्या कामाची नोंद मागा. तुकड्याच्या कडा धारदार असतील तर इजा ताजी आहे. सौदा थांबवा आणि आठवडाभरात दुसऱ्या डॉक्टरांकडून दोन्ही पायांची नवी चित्रं काढून घ्या.